आठ दिवसांचा बिल्ला

ओटाकू कुणाला म्हणायचं, वीब कुणाला आणि नुसता फॅन कुणाला, हे मी एके काळी कुणी विचारलं नसलं तरी सांगत सुटायचे. सांगायचे म्हणजे सुनवायचेच. मेट्रोत, कॉलेजच्या कँटीनमध्ये, कुणाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी. जपानी कार्टून, म्हणजे आमच्या भाषेत अ‍ॅनिमे, बघणाऱ्यांच्या या जाती आहेत, असं मी तेव्हा हसत हसत म्हणायचे. हा शब्द आपण कुठल्या घरात राहून वापरतोय, याचा विचार करायचे नाही. वय वीस होतं. त्या वयात आपण इतके शहाणे असतो की कुणी काही सांगायची सोय नसते.

आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, ती चार वर्षांनी लहान. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून बदलून दिल्लीला आलेले. आर. के. पुरममधलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, तेच आमचं बालपण. शाळेतून आलो की दप्तरं फेकायची आणि टीव्हीसमोर फतकल मारायची. दुपारी एका चॅनेलवर जपानी कार्टून लागायची, हिंदीतून. टोकदार केसांची, बशीएवढ्या डोळ्यांची माणसं एकमेकांना "अबे चल हट" म्हणायची आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. ती जपानी आहेत हेसुद्धा आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

आईला वाटायचं, पोरी वेळ फुकट घालवतात. वडिलांचंही तेच मत होतं, पण ऑफिसात कुणीतरी त्यांना सांगितलं की ही कार्टून जपानची असतात, आणि त्यांचा सूरच बदलला. जपान म्हणजे बौद्ध देश. आमच्या घरात कपाटावर बुद्धाची मूर्ती, रविवारी सकाळी वंदना. तेव्हा बौद्ध देशातून आलेली गोष्ट वाईट असूच शकत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. "बघू दे गं त्यांना, आपल्याच लोकांचं आहे," असं ते आईला सांगायचे. पडद्यावर एक जण दुसऱ्याला उचलून डोंगरावर आपटत असायचा आणि वडील आमच्या मागे खुर्चीत बसून समाधानाने चहा प्यायचे.

माझी बहीण चित्रं काढायची. वडील ऑफिसातून एका बाजूने टाइप केलेले रद्दी कागद आणायचे, त्यांच्या पाठीवर. आधी डोळे, मग केस, मग जागा उरली तर बाकीचं शरीर. मी आडवी पडून गोष्ट सांगायचे आणि ती पालथी पडून काढायची. मी मध्येच थांबले की विचारायची, "ताई, मग काय होतं?" मला काही सुचलेलं नसायचं, पण तिचा माझ्यावर एवढा विश्वास होता की काहीतरी सुचायचंच. एका गोष्टीत एक पांढऱ्या झग्यातली तलवारवाली होती, टीव्हीवर पाहिलेली. ती तिची सगळ्यात लाडकी. तिला आम्ही कधी हरू दिलं नाही.

मग मी कॉलेजात गेले आणि तिथे मला माझ्यासारखे दहा-बाराजण भेटले. आमचा क्लब झाला. एकाची हार्ड डिस्क सगळ्यांकडे फिरायची, तीत सगळं मूळ जपानीत, खाली इंग्रजी ओळी. आणि तिथेच मला या शब्दांचं शास्त्र कळलं.

ओटाकू हा शब्द खुद्द जपानमध्ये फारसा मिरवायचा नव्हे. कशाच्या तरी नादात घराबाहेर न पडणारा, चार माणसांत न मिसळणारा, असा टोमणा त्यात असायचा. आता तिकडेही तो पूर्वीइतका बोचत नाही म्हणतात. पण आम्ही बाहेरच्यांनी तो उचलला आणि पदवीसारखा नावापुढे लावला. वीब हा शब्द तर जपानी नाहीच. तो इंटरनेटवर इंग्रजी बोलणाऱ्यांनी चिडवायला काढलेला. जपानी नाही पण जपानी व्हायची हौस आहे, हिंदी बोलताना मध्येच दोन जपानी शब्द घुसडतो, मॅगी चॉपस्टिकने खातो, तो वीब. काहीजण हसत हसत स्वतःलाच वीब म्हणवून घ्यायचे, ते चालायचं. दुसऱ्याने म्हटलं की मात्र झोंबायचं. आणि ज्याला आवडतं, जो बघतो आणि टीव्ही बंद करून जेवायला जातो, तो साधा फॅन. त्यातही ज्याने जेमतेम दोन-चार मालिका पाहिल्यात तो कॅज्युअल, आणि हा शब्द म्हणताना आमचं नाक जरा वर जायचं.

या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, हिंदी डबिंग बघणारे. हिंदीत पाहिलेलं आम्ही पाहिल्यात धरतच नव्हतो. हा नियम क्लबात मी यायच्या आधीपासून होता, पण तो सगळ्यात जोरात मीच सांगायचे. मी पहिल्यांदा काय पाहिलं, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, आठवीत, मावसभावाच्या कॉम्प्युटरवर, जपानीत. माझ्या मावसभावाकडे तेव्हा कॉम्प्युटरच नव्हता.

इथे मला आमच्या घराबद्दल आणखी एक सांगायला हवं. दिल्लीत आमच्या आडनावावरून कुणाला काही कळायचं नाही. शेजारच्या पंजाबी काकूंना आणि वरच्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबाला सगळी मराठी आडनावं सारखीच. वडिलांना याने फार हायसं वाटायचं. एवढ्या मोठ्या शहरात आम्हाला आडनावावरून ओळखणारी माणसं फक्त मराठी होती.

मी दहा-अकरा वर्षांची असताना सेक्टरमधल्या एका मराठी बाईंनी आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. हळदीकुंकू आमच्यात नसतं, पण आईला चार मराठी बायकांत बसायची फार भूक होती. ती मला घेऊन गेली. छान स्वागत झालं. तिळाचा लाडू हातात आला. मग एकीने विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" आई म्हणाली, नागपूर. "नागपुरात कुठे?" आईने वस्तीचं नाव सांगितलं. "आणि आडनाव काय म्हणालात?" आईने तेही सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणून त्या बाई हसल्या. वाईट काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर आईला कुणी काही विचारलं नाही, आणि शेजारी बसलेल्या दोघी थोड्या वेळाने उठून पलीकडच्या सोफ्यावर गेल्या.

आई बसून राहिली. लाडू पूर्ण खाल्ला, समोरच्या बाळाशी खेळली, गाणं झालं तर टाळ्या वाजवल्या. सगळ्या उठल्या तेव्हा उठली. वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी पदराखाली धरून आम्ही घरी निघालो. मी विचारलं, "आई, आपण लवकर का नाही निघालो?" तर म्हणाली, "लवकर निघालं की त्यांना कळतं, आपल्याला कळलं ते." मला तेव्हा त्यातलं अर्धंच समजलं. ती वाटी घरात वर्षानुवर्षं वापरली गेली. दही त्याच वाटीत.

आता ओखल्याचं. दिल्लीच्या त्या भागात थंडीत कॉमिक्स आणि कार्टूनवाल्यांचा मोठा मेळा भरायचा. पोरं-पोरी आपापल्या लाडक्या पात्रांचे कपडे घालून यायची, फोटो काढून घ्यायची. त्या वर्षी आमच्या क्लबाने एक टेबल घेतलं. टेबलावर काय करायचं, यावर मी कल्पना काढली. येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ऐकून त्याला बिल्ला द्यायचा. चार प्रकारचे बिल्ले आम्ही छापून घेतले होते: ओटाकू, फॅन, कॅज्युअल, वीब. प्रश्न माझेच. पहिल्यांदा काय पाहिलंस आणि कुठे? कोणत्या भाषेत? आणि तुझ्या लाडक्या पात्राचं नाव म्हणून दाखव.

बघा, यातला एकही प्रश्न तुला काय आवडतं, का आवडतं, असा नव्हता. क्लबातला एक मित्र खूश होऊन म्हणाला, "तीन सवाल में पता चल जाता है, बंदा आया कहाँ से है।" मला एवढं छान वाटलं की विचारू नका.

रविवार होता. टेबलासमोर रांग लागली. लोक हसत होते, आम्ही हसत होतो. आणि रांगेत दहा-बारा माणसं पलीकडे मला आधी निळा काठ दिसला, मग पांढरा झगा, मग माझी बहीण. तिच्यामागे आई. बहिणीने मला महिनाभर आधी विचारलं होतं, "मी येऊ का?" आणि मी फोनमध्ये बघत "ये की" म्हटलं होतं. ती खरंच येईल, आणि पांढऱ्या झग्यातली तलवारवाली होऊन येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झगा आईने शिवला होता. कापड आईच्या साडीचं. पांढरी, निळ्या काठाची. त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेसाठी घेतलेली, एकदाच नेसलेली. डोक्यावर काळ्या लोकरीचा टोप, हातात पुठ्ठ्याची तलवार, तिला स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल गुंडाळलेली. आईच्या हातात डबा. माझ्यासाठी, कारण मी सकाळी न जेवता निघाले होते.

दहा-बारा माणसं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. एवढा वेळ मला होता. मी उठून जाऊ शकले असते, "अरे, ही माझी बहीण" म्हणून हात धरून तिला टेबलामागे आणू शकले असते. मी काय केलं, तर पुढच्या माणसाला प्रश्न विचारले. मग त्याच्या पुढच्याला. ती दोन-तीनदा मान वाकडी करून माझ्याकडे बघून हसली आणि मी प्रत्येक वेळी बिल्ल्यांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले.

मग ती समोर आली. लोकरीच्या टोपाखाली कपाळावर घाम. डोळे नुसते चमकत होते.

"पहली बार क्या देखा, और कहाँ?" मी विचारलं. हो, मीच विचारलं. नियम म्हणजे नियम.

ती जरा गोंधळली. मग तिला वाटलं असावं, हा खेळ आहे आणि ताई मुद्दाम अनोळखी झालीय. ती ताठ उभी राहून म्हणाली, "टीवी पे। स्कूल से आके। दीदी के साथ।"

"कौन-सी भाषा में?"

"हिंदी में।"

रांगेतले दोघं-तिघं खुसखुसले. तिने नाव म्हणून दाखवलं, हिंदी डबिंगमध्ये म्हणायचे तसंच, आम्ही दोघी घरात म्हणायचो तसंच. माझ्या शेजारचा मित्र म्हणाला, "दीदी के साथ! क्यूट यार. दीदी कहाँ है?"

तिने तलवार खाली केली. माझ्याकडे बघत राहिली. तिने ठरवलं असतं तर एका शब्दात सांगू शकली असती. तिने ते माझ्यावर सोडलं.

"पक्की वीब है," मित्र माझ्या कानात पुटपुटला. मी डब्यात हात घातला, वीबचा बिल्ला काढला, तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "नेक्स्ट."

अर्ध्या तासाने मी टेबल सोडून त्यांना गाठलं. मांडवाच्या कडेला आई सतरंजीवर बसली होती. बहिणीने बिल्ला झग्यावर छातीशी लावला होता, सरळ, नीट. मी हातात घास घेतला तेव्हा आईने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यावर?"

"ज्याला सगळ्यात जास्त आवड असते ना, त्याला देतात," मी म्हटलं.

"अच्छा," आई म्हणाली. बिल्ल्याकडे परत एकदा बघितलं. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "छान विचारत होतीस प्रश्न."

मी ते कौतुक समजले. खरंच सांगते, मला ते तेव्हा कौतुकच वाटलं.

बहिणीने बिल्ला मेट्रोत घातला. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या बॅगेवर लावला. आठ दिवस रोज सकाळी ती तो बिल्ला लावलेली बॅग घेऊन बाहेर पडायची आणि मी दात घासत बघायचे. शाळेत तिला कुणी अर्थ सांगितला तर काय, हाच विचार मी करत राहायचे. मी तिला सांगू शकले असते की काढ तो. पण मग का, हेही सांगावं लागलं असतं. नवव्या दिवशी बॅगेवर बिल्ला नव्हता. मी विचारलं नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे गोष्ट मागितली नाही आणि वडिलांनी आणलेले रद्दी कागद कपाटावर तसेच साठत गेले. शेवटी आई त्यांवर भाजी निवडायला लागली.

मी स्वतःला समजावलं, ती मोठी झाली, दहावी आली, अभ्यास आला. अशी कारणं शोधायला मी फार हुशार.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. वडील रिटायर झाले, फरीदाबादला एक फ्लॅट घेतला, दोघं तिथे राहतात. बहीण जपानी शिकली. संध्याकाळचे क्लास, एकामागून एक परीक्षा, कुणाला न सांगता. आज ती गुरुग्राममध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. आमच्या क्लबातल्या एकाही ओटाकूला जपानीत धड पाणी मागता येत नाही. मला तर नाहीच. आणि मी? मी नोएडाच्या एका ऑफिसात बसते, जिथे जपानी कार्टूनचं हिंदी डबिंग तयार होतं. हिंदी संवाद तपासायचं काम माझं. माझ्या क्लबातल्यांना हे कळलं तेव्हा एकाने हसणाऱ्या तोंडांची एक ओळच पाठवली. मला ती लागली, आणि लागावी असंच मला वाटलं.

बहिणीशी माझं बरं चालतं. आईच्या बीपीच्या गोळ्या, वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, दिवाळीत कोण कधी येणार. पण ओखल्याचा विषय निघाला नाही. मी निघू दिला नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसात एक प्रसंग तपासायला आला. शाळेचा वर्ग, एक मुलगी एकटी बसून चित्रं काढतेय, बाकीच्या तिला हसतात आणि एकजण म्हणते, ओटाकू. आमच्या अनुवाद करणाऱ्या मुलीने तिथे हिंदीत "वीब" टाकलं होतं. आजकालच्या पोरांना हाच शब्द कळतो, असं तिचं म्हणणं. मला ते खटकलं, पण नेमकं काय खटकलं ते पटवून देता येईना. दुपारची जेवणाची वेळ होती. मी बहिणीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "नाही नाही, बिल्कुल चूक आहे. जपानी मुलगी जपानी मुलीला वीब कशी म्हणेल? ती तर आहेच ना तिथली. वीब हा बाहेरच्यांसाठी शब्द आहे. तू आपल्यातली नाहीस, उगाच आपल्यासारखी व्हायला बघू नकोस, असा." मग एक क्षण थांबून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुला तर माहीत आहे, ताई."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. फोन कानाला धरून जिन्यात गेले.

"तो बिल्ला," मी म्हटलं. "मी तुला तेव्हा... मला माफ कर. तुला कुणी सांगितला त्याचा अर्थ? शाळेत?"

"मला तेव्हाच माहीत होता, यार. स्कूलमध्ये सगळे एकमेकांना म्हणायचे."

"मग आठ दिवस बॅगेवर का लावलास?"

"मी मेट्रोतच काढत होते. आई म्हणाली, राहू दे आठ दिवस. लगेच काढलास की ताईला कळेल, आपल्याला कळलं ते."

जिन्यात कुणीतरी वर चढत होतं, मी भिंतीकडे तोंड केलं. हे वाक्य मी ओळखत होते.

"पण आईला कसं कळलं? मी तर तिला सांगितलं..."

"ताई, तुझे प्रश्न आईने ऐकले होते ना. माझ्यामागेच तर उभी होती."

पहिल्यांदा कुठे. कोणत्या भाषेत. नाव सांग. एवढी वर्षं त्या प्रश्नांचा मला अभिमान होता, मग लाज होती, पण ते कुठल्या घरातून मी उचलले होते ते मला त्या जिन्यात कळलं. सेक्टरमधल्या त्या बाईंनी तरी आईला नीट वाटी देऊन पाठवलं होतं.

मी रडायला लागले तशी बहीणच मला समजवायला लागली. "चलो, सोड ना आता. बिल्ल्याचं मला काही नाही गं. फक्त मी दीदी के साथ म्हटलं ना, तेव्हा तू एकदा बघायला हवं होतंस." मग म्हणाली, "आई अजूनही म्हणते, आपण एकदम समोर येऊन उभ्या राहिलो, म्हणून ताई गडबडली. आधी दिसलो असतो तर धावत आली असती."

तिला मीटिंगला जायचं होतं. जाता जाता तिने सांगितलं, तिथे ओटाकूच ठेव, आणि आधीच्या वाक्यात 'हिला दुसरं काही सुचतच नाही' एवढं घाल, म्हणजे कळेल. मी तसं करून घेतलं. प्रसंग चांगला झाला.

पण ते एक वाक्य मला जेवू देईना. आधी दिसलो असतो तर धावत आली असती. चौदा वर्षं त्या दोघी या एका समजावर मला माफ करत आल्या होत्या, आणि तो समज खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तसं मी आधीही एकदा गप्प बसले होतेच.

रविवारी मी फरीदाबादला गेले. वडील वंदना करून खाली फिरायला गेले होते. आईने पोळ्या केल्या, मला वाढलं, आणि दही दिलं ते त्याच वाटीत. वाटीच्या कडा आता थोड्या वाकल्यात. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "आई, ओखल्याचा तो बिल्ला. मी तुला खोटं सांगितलं होतं."

"कोणता बिल्ला?" आई म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "जाऊ दे गं. सगळे दोस्त उभे होते तुझे. आम्हीच न सांगता आलो. आणि साडी तशी जुनीच होती."

"नवी होती. एकदाच नेसली होतीस."

"तुला आठवतं?" आईला खरंच आनंद झाला. "मला वाटलं, तुझं लक्षसुद्धा गेलं नसेल. एकदम समोर आलो ना आम्ही."

"एकदम नाही आलात," मी म्हटलं. "तुम्ही रांगेत मागे होतात तेव्हाच मी काठ ओळखला होता. बराच वेळ होता माझ्याकडे. मी मुद्दाम नाही उठले."

पंखा फिरत होता. खालून मुलांचा आवाज येत होता. आईने माझ्या ताटाकडे बघितलं, आणखी एक पोळी वाढली, तिच्यावर तूप घातलं आणि विचारलं, ऑफिसात काम फार असतं का. मी म्हटलं, असतं. मग तिने शेजारणीच्या नातवाचं काहीतरी सांगितलं आणि हसलीसुद्धा. माझं जेवण होईपर्यंत ती उठली नाही, त्या हळदीकुंकवाला बसून राहिली होती तशी.